अर्ध्या तासाची मागणी

नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव निघालं की आपल्याला रविवार आठवतो. ते योग्यच आहे. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेने आठवड्याची सुटी मान्य केली, ती लोखंड्यांनी उभ्या केलेल्या चळवळीमुळे. त्याआधी दीड महिना महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली होती आणि तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या. पण या चळवळीची सुरुवात त्याही आधीची, १८८४ च्या सप्टेंबरातली. परळच्या सुपारीबागेत सभा झाल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या वतीने एक अर्ज तयार झाला. त्यात रविवारची सुटी होती, कामाची वेळ सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढीच असावी अशी विनंती होती, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा आणि अपघातात जायबंदी झालेल्याला भरपाई मिळावी असंही होतं. आणि याच यादीत आणखी एक मागणी होती: दुपारी अर्धा तास विश्रांती. रविवार आपल्या लक्षात राहिला, अर्धा तास राहिला नाही. माझ्या मते या यादीतली सगळ्यात खोल समज त्या अर्ध्या तासात आहे आणि कामाच्या गर्दीत विसाव्यासाठी वेळ काढण्याबद्दल आज जे काही बोललं जातं, त्याची सुरुवात तिथून व्हायला हवी.

रविवार मागितल्यावर अर्धा तास वेगळा कशाला मागायचा, हे गिरणीतलं काम पाहिलं म्हणजे कळतं. विणाई खात्यात कामगार सहसा दोन साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, मध्ये उभा असे. धोटा इकडून तिकडे फिरत राही, त्यातली कांडी संपली की बदलायची, ताण्यातला धागा तुटला की साचा थांबवून तो सांधायचा आणि हे करताना दुसऱ्या साच्यावरची नजर काढायची नाही. धागा तुटू नये म्हणून खात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवलेली. आवाज एवढा की शेजारच्याशी खुणांनी बोलावं लागे. अंगमेहनत म्हणून पाहिलं तर हे ओझं उचलण्याचं काम नव्हे. इथे दमते ती नजर, दमतात पाय आणि सगळ्यात जास्त दमतं ते सतत सावध राहणारं मन. हा शीण शनिवारपर्यंत साठवून रविवारी उतरवता येत नाही, कारण तो दिवसाच्या आतच माणसाला पोखरतो. बोट पट्ट्यात जातं ते आठवड्याच्या शेवटी नव्हे, तर अकराव्या-बाराव्या तासाला. आठवडाभर उपाशी राहून रविवारी पोटभर जेवलं तर चालेल असं कुणी म्हणत नाही. विश्रांतीबद्दल मात्र आपण बिनदिक्कत असंच मानतो. लोखंड्यांच्या अर्जाने ते मानलं नाही. पुढे १८९१ च्या कारखाना कायद्यात आठवड्याची सुटी आली आणि दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास यंत्रं थांबवण्याची तरतूदही आली.

कायदा आला तरी दिवस लांबच होते, आणि १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आल्यावर ते आणखी लांबले. सूर्यास्ताचा जो नैसर्गिक अडसर होता तोच गेला. काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. त्यावर आरडाओरड झाली, चौकशी झाली आणि १९०८ साली फॅक्टरी लेबर कमिशनचा अहवाल आला. या अहवालातलं कामगाराचं चित्र विचार करण्यासारखं आहे. इथला कामगार सलग काम करत नाही, मधूनमधून साचा सोडून बाहेर जातो, विडी ओढतो, जेवतो, रेंगाळतो, आणि ते गृहीत धरून मालक जास्तीची माणसं बाळगतात, असा त्याचा सूर आहे. मालकांनी यात आळस पाहिला. मला यात शरीराचा शहाणपणा दिसतो. चौदा तास कुणीही सलग सावध राहू शकत नाही, त्यामुळे जो विसावा हक्काने मिळत नाही तो माणूस चोरून घेतो. वाईट एवढंच की चोरून घेतलेल्या विसाव्याने शीण जात नाही. एक डोळा जॉबरवर, म्हणजे मुकादमावर, ठेवून ओढलेली विडी म्हणजे विश्रांती नव्हे, तीही एक पहाऱ्याची ड्युटीच. आज कॉल सेंटरमध्ये किती मिनिटं जागेवरून उठलात याची नोंद संगणक ठेवतो, तेव्हा बाथरूममध्ये जाऊन चार मिनिटं नुसतं उभं राहणारी मुलगी नेमकं तेच करत असते.

विश्रांती ही कामाच्या विरुद्ध बाजूची गोष्ट आहे, हा समज मालकांच्या त्या नजरेतूनच आला असावा. काम एका बाजूला, विसावा दुसऱ्या बाजूला. एकाला दिलेलं मिनिट दुसऱ्याचं गेलेलं. पण कामाचा हिशेब ज्याने सगळ्यात कठोरपणे मांडला त्या फ्रेडरिक टेलरनेच हा समज खोडून काढला होता. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने बेथलेहेम पोलाद कारखान्यातलं उदाहरण दिलं आहे. तिथले मजूर ९२ पौंडांचे लोखंडी ठोकळे उचलून फळीवरून चढत जाऊन रेल्वेच्या डब्यात टाकत. टेलरने असं म्हटलं की इतकं जड ओझं वाहणारा माणूस दिवसातला ४३ टक्केच वेळ ओझ्याखाली राहू शकतो, उरलेला ५७ टक्के वेळ त्याचे हात मोकळे असले पाहिजेत. त्याने सांगितलेल्या साऱ्या कथेवर नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत आणि त्या रास्त आहेत. तरीही ज्या माणसाने हातात घड्याळ घेऊन मजुराची प्रत्येक हालचाल मोजली, त्यालाही हात मोकळे असण्याचा वेळ कामाच्या आतच धरावा लागला, ही गोष्ट माझ्या लेखी मोठी आहे. त्याच्या पद्धतीत मला खटकतं ते वेगळंच. केव्हा बसायचं आणि केव्हा उठायचं हे तिथे घड्याळवाला सांगे. दमलेल्याला विचारायची पद्धत नव्हती.

मनाला दमवणाऱ्या कामाचा पुरावा यानंतर आला. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर पाणबुड्या शोधणारे सैनिक तासन्तास पडद्याकडे पाहत बसत आणि काही वेळाने समोर दिसणारी खूणही त्यांच्याकडून निसटे. केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थने याचा छडा लावायला एक साधं यंत्र केलं: आकडे नसलेली तबकडी, तिच्यावर टप्प्याटप्प्याने सरकणारा काटा. मध्येच कधीतरी काटा दुप्पट उडी मारी, ती दिसली की कळ दाबायची. १९४८ साली छापलेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार पहिल्या अर्ध्या तासानंतरच लोकांच्या चुका ठळकपणे वाढत. ही माणसं कामचुकार नव्हती, युद्धासाठी प्रशिक्षण घेतलेली होती. इच्छाशक्ती असूनही नजर निसटत होती. योगायोग असा की आपला कारखाना अधिनियमही १९४८ चाच. त्याने दिवसाला नऊ तास आणि किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून जास्त काम नाही, अशी मर्यादा घातली. १९६५ साली केंद्र सरकारने गाडी ओढणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी नियम केले, त्यांतही दिवसाला एकूण नऊ तास आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तास, हीच मर्यादा आहे. वर आणखी एक कलम आहे: तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जनावराला जुंपायचं नाही. ज्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या उन्हं चढली की औत सोडलं आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी केली, त्यांना हे कलम वाचून नवल वाटणार नाही. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत याहून कितीतरी जास्त पारा असताना डांबराच्या रस्त्यावर खडी पसरणाऱ्या बाईसाठी मात्र असा देशभर लागू असलेला नियम नाही. उन्हाळा आला की सल्ल्यांची पत्रकं निघतात, एवढंच.

कामाच्या दिवसातच विसावा हवा, या म्हणण्यावर पहिला आक्षेप व्यवहारातला आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विसाव्याने काम खरंच वाढतं का? शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२७ पासून पाच तरुण कामगार मुलींवर झालेले प्रयोग या बाबतीत सतत सांगितले जातात. पाच मिनिटांच्या दोन सुट्या दिल्या, उत्पादन वाढलं; दहा-दहा मिनिटांच्या दिल्या, आणखी वाढलं. पण पुढे त्या सगळ्या सुट्या काढून घेतल्या तरी उत्पादन चढंच राहिलं. मग श्रेय विश्रांतीला द्यायचं, बदललेल्या पगारपद्धतीला, की आपल्याला कुणीतरी विचारतंय या भावनेला, हा वाद अजून मिटलेला नाही. छोट्या विश्रांतींवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०२२ साली प्रसिद्ध झाला. दहा मिनिटांपर्यंतच्या विसाव्याने उत्साह वाढतो आणि थकवा कमी होतो हे त्यात दिसलं. कामाची गुणवत्ता सरसकट वाढते असं मात्र दिसलं नाही. मला हा निष्कर्ष अडचणीचा वाटत नाही, उलट दिलासा देणारा वाटतो. विश्रांतीची बाजू मांडताना आपण घाईघाईने मालकाच्या नफ्याचा आधार घेतो आणि तिथेच चूक होते. ज्या दिवशी आकडे उलटे दाखवतील त्या दिवशी विश्रांती काढून घ्यायची, हे मग ओघानेच येतं. सुपारीबागेतल्या अर्जाने उत्पादन वाढेल असं आमिष दाखवून अर्धा तास मागितला नव्हता. काम करणाऱ्याचा थकवा कमी होतो, एवढं कारण पुरेसं आहे. जो थकतो तो माणूस आहे.

दुसरा आक्षेप ज्यांचं काम थांबवताच येत नाही त्यांचा. शस्त्रक्रिया मध्यावर असताना कोण चहा पितो? पण याच ठिकाणी सगळ्यात चकित करणारा पुरावा हाती आला आहे. जर्मनीत हॅनोव्हरच्या वैद्यकीय महाविद्यालयात कार्स्टन एंगलमन आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियांत दर पंचवीस मिनिटांनी पाच मिनिटं थांबून पाहिलं. शल्यविशारदांच्या शरीरातल्या ताणाच्या संप्रेरकाचं प्रमाण कमी राहिलं, चुका कमी झाल्या आणि शस्त्रक्रियेचा एकूण वेळ लक्षणीय वाढला नाही. ऑपरेशन टेबलाजवळ जे जमतं ते महिनाअखेरीच्या हिशेबाला जमणार नाही, हे मला पटत नाही. रेल्वेगाडी मात्र खरोखरच वाटेत कुठेही थांबवता येत नाही. म्हणूनच जेवणासाठी आणि लघवीसाठी ठरलेला वेळ मिळावा ही लोको पायलटांची मागणी इतकी जुनी आणि इतकी रास्त आहे. जिथे काम थांबत नाही, तिथे थांबण्याची सोय वेळापत्रकातच करावी लागते. ती इंजिनात बसलेल्या माणसाच्या सहनशक्तीवर सोपवता येत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण तो आळशी माणसाचा नाही, कामावर प्रेम करणाऱ्याचा आहे. तंद्री लागलेली असते, हात चालत असतो, विचाराला विचार जोडला जात असतो, आणि नेमकी तेव्हा सक्तीची सुटी आली तर ती विश्रांती न वाटता अडथळा वाटते. हे खरं आहे. हॉथॉर्नच्या त्या मुलींनीही दिवसातून सहा वेळा पाच-पाच मिनिटं थांबावं लागल्यावर लय तुटते अशी तक्रार केली होती. पण यातून विसावा नको असं सिद्ध होत नाही. तो केव्हा घ्यायचा हे करणाऱ्याला ठरवू द्या, एवढं सिद्ध होतं. मूर्तिकार शाडूच्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी अर्ध्यावर टाकून उठणार नाही, पण एक मूर्ती झाल्यावर हात धुऊन दारात येऊन उभा राहील. कुठे थांबायचं हे कामालाच माहीत असतं. ज्याच्या हाती स्वतःचा वेळ आहे त्याने तंद्रीचा मान राखावा आणि तंद्री उतरल्यावरही खुर्चीला चिकटून बसू नये. आपल्यापैकी बहुतेकांचा दिवस तंद्रीने लांबत नाही. तंद्री संपल्यानंतर त्याच ओळीकडे पुन्हा पुन्हा पाहण्याने तो लांबतो.

मग आपण थांबतो आणि खिशातून फोन काढतो. याबद्दल उपदेश करण्याची मला इच्छा नाही, पण यात काय घडतं ते पाहायला हवं. दिवसभर पडद्यावरची अक्षरं वाचून दमलेली नजर आता लहान पडद्यावरची अक्षरं वाचते. दिवसभर निवड करून थकलेलं मन आता काय पाहायचं आणि काय सोडायचं याची निवड दर दोन सेकंदांना करतं. विश्रांतीत जो अवयव दमला आहे तो मोकळा व्हायला हवा, आणि इथे नेमका तोच पुन्हा जुंपला जातो. बसून काम करणाऱ्याने उठावं, उभ्याने करणाऱ्याने बसावं, बोलून दमलेल्या शिक्षिकेने गप्प राहावं, एकट्याने काम करणाऱ्याने कुणाशी तरी दोन शब्द बोलावेत. टपरीवरच्या कटिंग चहाचं महत्त्व चहात फारसं नाही. त्यासाठी जिना उतरावा लागतो, उन्हात डोळे मिचकावावे लागतात, ग्लास गरम असल्याने तो कडेने धरावा लागतो, त्यामुळे हात दुसऱ्या कशाला मोकळा नसतो, आणि शेजारी उभा असलेला माणूस पावसाबद्दल काहीतरी म्हणतो. सात-आठ मिनिटांत डोळे, पाय, कान सगळ्यांना वेगळं काम मिळतं. हे सारं जागेवर आणून दिलेल्या कॉफीत होत नाही.

इथवर जे लिहिलं ते ज्यांना उठून जिना उतरता येतो त्यांच्यापुरतं आहे, आणि या विषयावरचं बहुतेक लिखाण तिथेच थांबतं. विसावा न मिळण्यामागे आपला आळस किंवा नियोजनाचा अभाव क्वचितच असतो. बहुतेकदा तो देण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती असतो. कापडाच्या जुन्या दुकानांत गादीवर मांडी घालून विक्रेता बसे आणि गिऱ्हाईकही समोर बसे. काचेची शोरूम आली आणि विक्रेती उभी राहिली. गिऱ्हाईक नसतानाही उभी, भिंतीला टेकायची बंदी, पायांवर शिरा उठेपर्यंत उभी. केरळमध्ये अशाच दुकानांतल्या स्त्रियांनी वर्षानुवर्षं लढून २०१८ साली दुकान कायद्यात दुरुस्ती करवून घेतली, आणि कामाच्या जागी बसण्याची सोय देणं मालकाला बंधनकारक झालं. तमिळनाडूने २०२१ मध्ये तशीच दुरुस्ती केली. बसण्याचा हक्क कायद्यात लिहावा लागतो, ही आपल्या काळाची हकीकत आहे. ऊसतोडीच्या फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि पैसे टनावर मिळतात. तिथे बाईने सावलीत टेकणं म्हणजे मोळी कमी बांधली जाणं. तिला कामातून वेळ काढा असं सांगणं क्रूर आहे. तिचा विसावा टनाच्या दरातच असायला हवा. आणि घरात? २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात असं आढळलं, पुरुषांची ८८. नोकरी करून आलेली बाई संध्याकाळी पहिली दहा मिनिटं बसू शकते का, याचं उत्तर तिच्या मनोबलावर ठरत नाही. कणीक कोण मळतो यावर ते ठरतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दिवसाच्या कामाची कमाल मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. जादा तासांना जादा मोबदला आहे, कामगाराची संमती लागेल, आठवड्याचा हिशेब राखला जाईल, असं सांगितलं गेलं. हे सगळं गृहीत धरूनही माझा विरोध राहतो, कारण थकवा आठवड्याच्या हिशेबाने चालत नाही. दहाव्या तासाला यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाला पुढच्या गुरुवारी मिळणाऱ्या सुटीचा उपयोग नाही.

म्हणून माझं सांगणं ज्यांच्या हाती दुसऱ्याचा थोडासा जरी वेळ आहे त्यांना आहे, आणि असा वेळ आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती असतो. दुकान असेल तर काउंटरमागे स्टूल ठेवा आणि त्यावर बसलेल्या मुलीला हाक मारून उठवू नका. कचेरी असेल तर जेवणाच्या सुटीत बैठक लावू नका, आणि स्वतः सगळ्यांच्या देखत उठून बाहेर जा, म्हणजे इतरही उठायला धजावतील. सोसायटीच्या फाटकावर बारा तास उभ्या असलेल्या रखवालदाराला जेवायला अर्धा तास मिळतो का आणि त्या वेळात फाटक कोण सांभाळतं, हे पुढच्या सभेत विचारा. घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी चार घरं करून तुमच्याकडे येत असतील, तर त्यांच्या कामाच्या वेळेतच बसून चहा प्यायची पंधरा मिनिटं धरा आणि तेवढ्या वेळाचेही पैसे द्या.